नुसतं लटकवलेलं कुलूप

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी गजभिये मॅडम आधी माझ्या दुकानात यायच्या. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला पिन, केस चापून बसवलेले, पर्स कोपरात अडकवलेली. काउंटरच्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर बसायच्या. पर्समधून बिस्किटं काढून खायच्या, दुखण्याची गोळी तोंडात टाकायच्या आणि माझ्याकडून पाणी मागून घ्यायच्या. मग बराच वेळ कुणाशी न बोलता नुसत्या बसून राहायच्या. गोळी चढली असं वाटलं की उजव्या हाताची मूठ करून बघायच्या, मग डाव्या हाताची, मग दोन्ही तळवे जुळवून बघायच्या. जुळले की म्हणायच्या, "लाइन क्लिअर. निघते मी, ताई." आणि रिक्षा थांबवायला रस्त्यावर जायच्या.

मला वाटायचं, रिक्षाचे धक्के सोसवत नाहीत म्हणून बाई गोळी घेऊन निघतात. येरवड्यातून कॅम्पापर्यंतच्या रस्त्याची अवस्था बघता त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मीसुद्धा घेतली असती.

माझं माहेर नारायण पेठेतलं. तिरकं बोलणं तिथून आणलं आणि येरवड्यात सासरी, नवऱ्याच्या औषधाच्या दुकानात खपवलं. इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून माझेही गुडघे गेलेत. सर्दी-खोकल्याच्या खालोखाल या दुकानात काय येत असेल तर लोकांचे सांधे येतात. कुणाला तेल हवं असतं, कुणाला ट्यूब, कुणाला पट्टा, कुणाला शेकायची पिशवी. कुणाच्या मोबाइलवर मेथीच्या दाण्यांचा उपाय आलेला असतो आणि तो मला उभ्या उभ्या ऐकून घ्यावा लागतो. सगळ्यांची मागणी तीच. गोळी एकच असावी, तिनं सगळं जावं, ती गरम पडू नये आणि कायमची मागे लागू नये. अशी गोळी असती तर मी आधी घेतली असती आणि शटर ओढून झोपले असते.

गजभिये मॅडमचं दुखणं झिजेचं नव्हतं, आमवाताचं होतं. झीज वयानं होते. आमवातात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सकाळी बोटं सुजलेली, ताठ, चहाचा कप धरवत नाही. त्यांना डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची ती पिवळी गोळी दिलेली होती, तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड, आणि फारच दुखलं तर घ्यायला दुखण्याची गोळी. अगदी सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइडही दिलं होतं, मग बंद केलं. पिवळी गोळी आग विझवते, पण सावकाश. दुखण्याची गोळी नुसता धूर हाकलते. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि ते पुढच्या खेपेला येऊन विचारतात, ताई, ती धुराची आहे का हो अजून?

मॅडम तशा नव्हत्या. पिवळी गोळी रविवारी संध्याकाळी म्हणजे रविवारीच. एकदाही चुकली नाही, एकदाही चुकून रोज घेतली गेली नाही. लोक ती चूक करतात आणि दवाखान्यात भरती होतात, म्हणून मी सुरुवातीला दोनदा विचारलं होतं. त्यावर शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी टेलिफोन खात्यात होते. आमच्याकडे चुकीच्या ठिकाणी जोडलं की माणूस भलत्याशीच बोलायचा."

भंडाऱ्याकडच्या. वडील बिडीच्या कारखान्यात. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी या मुलीची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून पुण्यात आल्या, सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले. मुलगा प्रशांत, त्याला शिकवलं, तो आता बायको-मुलाबरोबर हैदराबादला, तिथल्या कंपनीत. येरवड्यातला फ्लॅट त्यांनी नोकरीत असतानाच घेतलेला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर पितळी पाटी, तिच्यावर फक्त त्यांचं नाव. पाटी त्या दर रविवारी घासायच्या. गावाकडून कुणी आलं की आधी पाटीपाशी उभं करून फोटो काढायच्या, मग आत पाणी द्यायच्या.

बोलायच्या शुद्ध, खात्यातल्यासारखं तोलून. इतक्या वर्षांत तोंडून गावाकडचा शब्द कधी निसटला नाही. एखाद्या गिऱ्हाईकाशी माझी हमरीतुमरी चालली असली की खुर्चीतून म्हणायच्या, "ताई, यांना होल्डवर ठेवा जरा." ऐन गर्दीत मला हसू यायचं. कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, लाइन क्लिअर. खोकला असला तरी क्लिअर, अंगात ताप असला तरी क्लिअर. फक्त बाटलीचं बूच उघडायला माझ्याकडे आणून द्यायच्या, आणि तेही इकडे तिकडे बघून, कुणी नाही असं पाहून.

प्रशांत वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे उगाच त्याच्यावर खापर फोडतील. आईनं एकटीनं दुसऱ्या मजल्यावर राहावं हे त्याला बरं वाटत नव्हतं. हैदराबादला चल म्हणून मागे लागला होता. आईला जायचं नव्हतं. शेवटी दोघांत तोड निघाली ती अशी की, डॉक्टर ठीक म्हणतात तोवर आई पुण्यात राहील. ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणतील, त्या दिवशी तो गाडी घेऊन येईल. तपासणी झाली की डॉक्टर त्याला मोबाइलवर दोन ओळी पाठवायचे. मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चांगली सोय आहे. आता ते आठवलं की स्वतःच्याच अकलेचं कौतुक वाटतं.

झालं असं की, एकदा पिवळी गोळी न्यायला त्या आल्या नाहीत. रविवार आला. मी दुपारी दुकान नवऱ्याच्या हवाली केलं आणि पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन मजले चढताना माझ्या गुडघ्यांनी माझा उद्धार केला. दाराला कुलूप होतं. म्हटलं बाहेर गेल्या असतील, पिशवी कडीला अडकवून जावी. कडीला हात लावला तर कुलूप माझ्या हातात आलं. ते दाबलेलंच नव्हतं. कडीत नुसतं लटकवून ठेवलेलं होतं.

मी ते हातात घेऊन उभी असताना मॅडम जिना चढून आल्या. एका हातात मेथीची जुडी, दुसरा हात कठड्याला. कठड्याला म्हणजे बोटांनी धरलेलं नव्हतं, मनगट टेकवत टेकवत येत होत्या. मला पाहून थांबल्या. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "लांबून बंदच दिसतं ना, ताई."

"चोर जवळ येऊन बघतात, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. आत गेलो. मेथी ओट्यावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "किल्ली फिरत नाही. अंगठा धरतच नाही. दाबून बंद केलं तर मला माझ्याच घरात येता येणार नाही."

किती दिवस हे चाललंय ते मी विचारलं नाही. घर बोलत होतं. डब्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली. साखरेच्या डब्यात मुंग्या. गॅसच्या बटणाला चिंधी गुंडाळलेली, म्हणजे तळव्यानं फिरवता यावं. कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीसमोर बसायची सतरंजी घडी करून ठेवून दिलेली, कारण खाली बसलं तर उठायचं कसं. मी म्हटलं, कुलूप बदलू या, हल्ली नंबरांची मिळतात. त्या म्हणाल्या, कुलूप बदलेन हो ताई, हात कुठे बदलून मिळतात?

टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. दुखण्याच्या गोळ्यांच्या, माझ्याकडून नेल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. आणि एक पट्टी स्टेरॉइडची, जी डॉक्टरांनी कधीच बंद केलेली होती. जुन्याच चिठ्ठीवर दुसऱ्या दुकानातून आणत होत्या. मी ती उचलली तशा त्या आपणहून बोलल्या. डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन-चार दिवस ती घ्यायची. सूज बसते. रक्ताचा रिपोर्टही बरा येतो. मग जायच्या दिवशी दुखण्याची गोळी घेतली की मूठ होते, तळवे जुळतात. डॉक्टर बघतात, ठीक म्हणतात, आहे तेच औषध पुढे लिहून देतात आणि प्रशांतला तसं कळवतात.

मला तिथे खुर्चीत बसूनच घ्यावं लागलं. म्हणजे माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून ही बाई दर खेपेला परीक्षेची तयारी करत होती, आणि पाणी मी देत होते. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टरांना बरं करून दाखवताय. बरं त्यांनी तुम्हाला करायचं असतं."

त्यावर त्या वडिलांचं सांगायला लागल्या. वडील म्हणायचे, साहेबापुढे जायचं तर धुतलेलं घालून जायचं, पाठ सरळ ठेवायची. आपलं दुखणं तोंडावर दिसू द्यायचं नाही, दिसलं की लोक म्हणतात, यांना हे झेपायचं नाही, आणि दार लावून घेतात. त्या नोकरीत लागल्या तेव्हा हेच ऐकून लागल्या. पाय सुजले तरी ड्यूटी सोडली नाही. अंगात ताप असताना रात्रपाळी केली आणि कुणाला कळू दिलं नाही. "डॉक्टरही साहेबच ना," म्हणाल्या. "त्यांच्यापुढे रडत कशी जाऊ?"

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. वडिलांवर काढता येत नव्हता, त्यांनी मुलीला जगायला शिकवलं होतं. मी नुसतं एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी गोळी न घेता जा. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या मागे लागले. दिसल्या की तेच. त्याही कंटाळल्या, मीही कंटाळले. त्या आता सगळ्याच गोळ्या दुसरीकडून आणू लागल्या असाव्यात, कारण खुर्ची रिकामी राहायला लागली. मग एक दिवस चपलेचा पट्टा उघडा टाकून, पाय ओढत आल्या. पावलं सुजून फुगली होती, बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी त्यांना तडक रिक्षात घातलं आणि चौकातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. किडनीवर आलं होतं. दुखण्याच्या गोळ्या इतके दिवस, इतक्या खाल्ल्या की दुसरं काय होणार? रिपोर्ट त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "उद्या याल का माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. मॅक्सीवर ओढणी घेतलेली, केस कसेतरी बांधलेले. साडीच्या निऱ्या धरवत नव्हत्या आणि शेजारणीला नेसवून द्या म्हणायचं जिवावर आलं होतं. खुर्चीवर बसल्या नाहीत. पाणीही मागितलं नाही. मी शटर अर्धं ओढलं आणि निघालो. रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला त्या डोळे मिटून घेत होत्या. दवाखान्याच्या पायऱ्या चढायला इतका वेळ लागला की मागून येणारे लोक बाजूनं पुढे निघून जात होते, आणि प्रत्येक जण गेला की त्या ओढणी सारखी करत होत्या.

डॉक्टर तरुण, चांगले. त्यांना पाहून खुर्चीतून उठलेच. नेहमीप्रमाणे म्हणाले, मूठ करा. मॅडमनी हात पुढे केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. तळवे जुळवा म्हणाले, तर मध्ये एवढी फट की पलीकडचं दिसावं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. हे त्यांचं त्यांनीच सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "पहिल्यापासूनच, साहेब. मी गोळ्या खाऊन येत होते." आणि मग मी कधी ऐकली नव्हती ती, गावाकडची बोली तोंडातून आली. "लय दुखून राहिलं जी."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूहळू समजावून सांगितलं. आधी कळलं असतं तर पिवळी गोळी वाढवता आली असती, जोडीला दुसरी देता आली असती. सांधे तेव्हा सरळ होते. आता किडनीमुळे तीच गोळी वाढवायच्या ऐवजी कमी करावी लागणार. दुखण्याची गोळी कायमची बंद, स्टेरॉइड आपल्या मनानं अजिबात नाही. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही सांगू तेवढीच. गुडघ्याला वरून लावायला ट्यूब, तीही जपून. एक वेगळी गोळी सुरू करू, तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. नाहीच आला तर इंजेक्शनं आहेत, पण त्याआधी बऱ्याच तपासण्या. सूज उतरेल, सकाळचा ताठरपणा कमी होईल. बोटांना आलेला वाक मात्र कुठल्याच औषधानं जाणार नाही.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "किल्ली फिरेल का?"

डॉक्टरांना कळलं नाही. कुठली किल्ली, म्हणाले. "घराची," त्या म्हणाल्या. ते जरा वेळ त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, सांगता येत नाही.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. प्रशांतला काय कळवायचं ते डॉक्टर अजून ठरवत होते. मॅडमनी मला मोबाइल काढायला लावला, नंबर लावायला लावला, आणि कानाशी धरायला लावला. मी धरला. त्या म्हणाल्या, "प्रशांत, आई बोलते. डॉक्टर नाही म्हणाले रे." डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मी फोन धरून नुसती बसले होते. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

तो आला, पण लगेच न्यायची घाई केली नाही. आईबरोबर राहिला, घरून काम केलं. नवी गोळी लागू पडली, थोडी. पावलांची सूज उतरली. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरता यायला लागला. एकदा प्रशांत दुकानात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, काकू, तिनं मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तुम्हीच त्यांना डॉक्टरांच्या ‘ठीक’चा पास दिला होतात, तो त्या जपत होत्या. त्याचं तोंड उतरलं. बोलून गेल्यावर मलाही वाईट वाटलं, पण नारायण पेठ कधी कधी आवरत नाही.

निघायच्या दिवशी मी गेले. सामान गाडीत गेलं होतं. मॅडम साडीत होत्या, न्यायला आलेल्या सुनेनं नेसवलेली, पिन जराशी तिरकी. दाराची पाटी पुसून झाली होती. प्रशांत कुलूप लावायला पुढे झाला तसं त्यांनी त्याला थांबवलं. कुलूप स्वतः घेतलं, कडीत अडकवलं आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबायला लागल्या. लागेना. खालून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुन्हा दाबलं. लागेना. आम्ही सगळे उभे होतो आणि कुणाचीही हात पुढे करायची छाती होत नव्हती. मग त्या मागे सरल्या. सून, मुलगा, शेजारीण, समोरच्या दारातली दोन-तीन माणसं, या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "ताई, मला नाही जमत. तुम्ही लावा."

मी लावलं. कडी ओढून पाहिली. पक्कं लागलं होतं.

आता त्या हैदराबादला आहेत. खुर्ची दुकानात आहे. डॉक्टरकडे निघालेल्या कुणी गोळी मागितली की मी म्हणते, परत आल्यावर घ्या, जसं दुखतंय तसे जा. काही लोकांना राग येतो, ते पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत. मॅडमचा अधूनमधून फोन येतो, बहुतेक दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा. कशा आहात विचारलं की आता खरं सांगतात. आज बोटं बरी आहेत, काल फार दुखून राहिली होती, नातवानं भाकरी मोडून दिली. परवा असंच बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमचे गुडघे कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत.

त्या जुन्या खात्यातल्या आवाजात म्हणाल्या, "आवाज नीट येत नाही, ताई. परत सांगा."

मी काउंटरमागून बाहेर आले, त्यांच्या खुर्चीवर बसले आणि सांगितलं.